मधुमेह : पातळी कळली, आवक किती?

देशपातळीवरील तक्त्यांत वरच्या रांगेत बसण्याची गोव्याला सवय आहे. दरडोई उत्पन्न असो, साक्षरता असो की रुग्णालयात होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण, या चिमुकल्या राज्याचे नाव पहिल्या काही ओळींत सापडतेच. जून २०२३ मध्ये मात्र असा एक पहिला क्रमांक पदरी पडला की ज्याचा सत्कार कोणी केला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनच्या साहाय्याने केलेल्या ‘इंडियाब’ या देशव्यापी सर्वेक्षणाचे निष्कर्ष तेव्हा ‘द लॅन्सेट डायबिटीस अँड एंडोक्रायनॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वीस वर्षांवरील प्रौढांमध्ये मधुमेहाचे देशातील सरासरी प्रमाण ११.४ टक्के निघाले आणि गोव्याचे २६.४ टक्के. पुदुच्चेरी २६.३, केरळ २५.५ आणि तळाशी उत्तर प्रदेश ४.८ टक्के. चार प्रौढ गोवेकरांत एकाहून अधिक मधुमेही, असा त्याचा सरळ अर्थ.

तेव्हापासून हा आकडा गोव्याच्या सार्वजनिक जीवनात पाठ झाला आहे. १४ नोव्हेंबरच्या मधुमेह दिनाची भाषणे त्याच्याविना सुरू होत नाहीत. विधानसभेतील चर्चा, तपासणी शिबिरांचे फलक, औषध कंपन्यांच्या परिषदा, सगळीकडे तोच. आकडा खोटा नाही. देशभरातील एक लाख तेरा हजारांहून अधिक लोकांच्या घरी जाऊन, उपाशीपोटी आणि ग्लुकोज पाजल्यानंतर रक्त तपासून काढलेल्या या पाहणीइतके भक्कम काम भारतात या विषयावर दुसरे झालेले नाही. अडचण आकड्यात नाही. त्याच्याकडून नको त्या प्रश्नाचे उत्तर मागितले जाते, तिथे ती आहे.

पावसाळ्यात साळावली धरणाची पातळी किती झाली हे दक्षिण गोवा रोज वाचतो. धरण भरले, फुलाच्या आकाराच्या त्या सांडव्यातून पाणी कोसळू लागले, की लोक पाहायला गर्दी करतात. पण जलस्रोत खात्याच्या अभियंत्याला नुसती पातळी पुरत नाही. आज आत किती पाणी आले आणि बाहेर किती गेले, हे त्याला स्वतंत्रपणे ठाऊक असावे लागते. पातळी स्थिर दिसली म्हणून पाऊस थांबला असे तो म्हणत नाही. कदाचित आत येते तेवढेच बाहेर जात असेल. ‘इंडियाब’चा २६.४ टक्के हा आकडा म्हणजे अशी पातळी आहे. एका विशिष्ट काळात राज्यात एकूण मधुमेही किती होते, एवढेच तो सांगतो. दरवर्षी नव्याने किती प्रौढ या रांगेत येऊन उभे राहतात, म्हणजे नवनिदानाचा दर काय, ही वेगळी मोजणी आहे. आरोग्यधोरण आखायचे तर तीच अधिक मोलाची, आणि गोव्याच्या चर्चेत ती जवळपास कुठेच आढळत नाही.

हा शास्त्रीय काटेकोरपणाचा हट्ट नव्हे. एकूण प्रमाण वाढण्याची कारणे वाईटच असतात असे नाही. इन्सुलिन वेळेवर मिळाले, रक्तदाबाकडे लक्ष दिले गेले, हृदयविकाराचा झटका आलेला माणूस गोमेकॉत वेळेत पोहोचून वाचला, तर मधुमेही अधिक वर्षे जगतो आणि प्रत्येक पाहणीत पुन्हा मोजला जातो. चांगली सेवा देणाऱ्या राज्यात मधुमेहाचे प्रमाण त्या चांगुलपणामुळेच काही अंशी फुगते. उलट जिथे मधुमेही लवकर दगावतात तिथे प्रमाण कमी दिसते. त्या कमीपणाबद्दल अभिनंदन करण्याजोगे काही नसते.

वयाचाही हिशेब आहे. मधुमेह हा प्रामुख्याने चाळिशीनंतर बळावणारा विकार. २०११च्या जनगणनेत साठीपुढील लोकांचे प्रमाण गोव्यात ११ टक्क्यांच्या वर होते, तर उत्तर प्रदेशात ८ टक्क्यांच्या आत. गोव्याचा जननदर पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.३ पर्यंत घसरलेला. मुले कमी, वृद्ध अधिक. अशा दोन समाजांची टक्केवारी शेजारी शेजारी मांडली की गोव्याचा आकडा काही प्रमाणात वयामुळेच मोठा दिसणार. अर्थात सगळा दोष वयावर ढकलता येत नाही. केरळ गोव्याहून वृद्ध आहे, तरीही किंचित मागेच आहे. शिवाय सर्वेक्षण २००८ ते २०२० अशा प्रदीर्घ काळात टप्प्याटप्प्याने झाले. महाराष्ट्राचा समावेश पहिल्याच टप्प्यात होता आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत तिथले प्रमाण ८.४ टक्के होते. गोव्याची पाळी नंतरच्या टप्प्यात आली. दोडामार्ग आणि डिचोली यांच्यामधील सीमा ओलांडताच मधुमेह तिप्पट होतो, असा निष्कर्ष काढणाऱ्याने मधली वर्षे विसरू नयेत.

याच अहवालात एक विधान आहे, ज्याची गोव्यात फारशी दखल घेतली गेली नाही. अधिक विकसित राज्यांत मधुमेहाची साथ स्थिरावत असून बहुतेक इतर राज्यांत ती अजून वाढत आहे, असे संशोधकांनी म्हटले. त्यामागचे एक गमक म्हणजे मधुमेही आणि पूर्वमधुमेही यांचे परस्परप्रमाण. रक्तातील साखर सामान्य पातळीच्या वर गेली, पण निदानाच्या रेषेपर्यंत पोहोचली नाही, अशा अवस्थेला पूर्वमधुमेह म्हणतात. उत्तर प्रदेशात मधुमेही ४.८ टक्के, पण पूर्वमधुमेही सुमारे १८ टक्के. एकामागे जवळजवळ चार उंबरठ्यावर उभे. तिथला पाऊस अजून पडायचा आहे. विकसित राज्यांत ही तफावत आटत जाते, कारण उंबरठ्यावरचे बरेच जण आधीच आत येऊन गेलेले असतात.

‘स्थिरावत आहे’ हा शब्द कानाला गोड लागतो. त्याचा अर्थ गोव्यापुरता तपासून पाहण्यास साधे अंकगणित पुरे आहे. २०११ ची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार. वीस वर्षांवरील प्रौढ ढोबळमानाने १० लाख धरू. २६.४ टक्के म्हणजे २ लाख ६४ हजार मधुमेही आणि ७ लाख ३६ हजार मधुमेह नसलेले. आता आवक. भारतात एकाच लोकसमूहाला वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा तपासून नव्या मधुमेहाचा दर काढणारे अभ्यास बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यांपैकी सर्वांत ठाऊक असलेला चेन्नईचा. सुमारे नऊ वर्षे पाठपुरावा केलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले : दर हजार प्रौढांमागे दरवर्षी २२.२ नवे मधुमेही. हाच दर जसाच्या तसा गोव्याला लावला, तर वर्षाला सुमारे १६ हजार नवे मधुमेही निघतात.

आणि इथेच गणित अडखळते. गोव्यात एका साधारण वर्षात सर्व कारणांनी मिळून होणारे मृत्यू १५ हजारांच्या आत असतात, आणि मरणारे सगळेच मधुमेही नसतात. मधुमेहाच्या धरणातून बाहेर पडण्याचे मार्ग मोजकेच : मृत्यू, राज्याबाहेर स्थलांतर, आणि फार थोड्यांच्या बाबतीत वजन बरेच उतरल्याने औषधाविना साखर सामान्य पातळीवर परत येणे. मग १६ हजारांची आवक असताना पातळी स्थिर राहणार कशी? म्हणजे शक्यता दोनच उरतात. एक तर गोव्यात नव्या मधुमेहाचा खरा दर चेन्नईच्या त्या दराहून बराच कमी असला पाहिजे, किंवा पातळी स्थिरावलेली नसून चढतच असली पाहिजे. पहिली शक्यता खरी असेल तर राज्याने आपली शक्ती आजच्या रुग्णांचे मूत्रपिंड, डोळे आणि पाय वाचविण्यावर लावावी. दुसरी खरी असेल तर निरोगी आणि उंबरठ्यावरच्या लोकांकडे आधी धावावे लागेल. दोन्हींचा खर्च वेगळा, त्यासाठी लागणारी माणसे वेगळी, आणि फळ मिळण्याचा कालावधीही वेगळा. २६.४ टक्क्यांकडे कितीही वेळ टक लावून पाहिले तरी या दोहोंतून निवड करता येत नाही.

तेव्हा नवनिदान मोजावे. पण हा दरही वाटतो तितका सरळ नाही, आणि मोजायला निघण्याआधी त्याचे खाचखळगे पाहून घेणे हिताचे. कारण ‘मधुमेह होणे’ आणि ‘मधुमेह आहे असे कळणे’ यांत अनेकदा वर्षे जातात. पंचेचाळिशीपुढील भारतीयांच्या २०१७ ते २०१९ मधील मोठ्या पाहणीत जवळपास २० टक्के लोक मधुमेही आढळले. त्यांतील सुमारे ४० टक्क्यांना आपल्याला हा विकार आहे याची कल्पनाच नव्हती. ज्यांना ठाऊक होते त्यांच्यातही साखर नियंत्रणात असलेले निम्म्याहून कमी. पायाची जखम महिनाभर भरत नाही, किंवा चष्म्याचा नंबर काढायला गेलेल्याला नेत्रतज्ज्ञ पडद्यावरील रक्तस्राव दाखवतो, तेव्हा निदान होते. विकार त्याच्याही आधी आठ-दहा वर्षे अंगात मुरलेला असू शकतो.

यामुळे नवनिदानाचा दर हा विकाराइतकाच तपासणीचाही आरसा ठरतो. आरोग्य खात्याने एखाद्या तालुक्यात महिनाभर घरोघर ग्लुकोमीटर फिरवला, तर त्या वर्षी नवे रुग्ण एकदम वाढतात. ते त्या वर्षी आजारी पडलेले नसतात. साचलेला गाळ उपसला जातो इतकेच. पुढच्या वर्षी तीच संख्या घसरते, आणि त्या घसरणीला यश म्हणून जाहिरातीत छापण्याचा मोह आवरणे कठीण. तपासणीच बंद पडली तरीही नवनिदान घटते. २०२०च्या टाळेबंदीत लोक दवाखान्याची पायरी चढेनात, तेव्हा मधुमेह थांबला होता असे कोणी म्हणणार नाही. म्हणून नव्या रुग्णांची संख्या कधीही एकटी छापू नये. किती जणांची तपासणी झाली, त्यांतील किती जण पूर्वी कधीच तपासले गेले नव्हते, आणि कोणती चाचणी वापरली, हे तीन तपशील सोबत नसतील तर तो आकडा केवळ दिशाभूल करील.

चाचणीचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण निदानाची रेषा माणसांनी आखलेली असते आणि ती सरकतही असते. उपाशीपोटी साखरेची रेषा १९९७ मध्ये अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने १४० वरून १२६ वर आणली. १३० असलेले लोक शरीरात कसलाही बदल न होता मधुमेही ठरले. पुढे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी चाचणी निदानासाठी मान्य झाली. सोयीची, उपाशी राहण्याची गरज नसलेली. मात्र ती सापडवते ती माणसे आणि ग्लुकोज पाजून केलेल्या चाचणीत सापडणारी माणसे तंतोतंत तीच नसतात. रक्तक्षय असलेल्यांमध्ये तर तिचा आकडा फसवा ठरू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिवसाच्या कोणत्याही वेळी बोटातून काढलेल्या थेंबावर १४० च्या वरची साखर ‘उच्च’ म्हणून नोंदवली जाते. तो मधुमेहाचा दाखला नव्हे. तरीही हे सगळे आकडे एकाच परिच्छेदात, एकाच नावाखाली, सर्रास छापले जातात.

अमेरिकेचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तिथे दरवर्षीच्या आरोग्य मुलाखतीत प्रौढांना विचारले जाते की, तुम्हाला मधुमेह असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे काय आणि तेव्हा तुमचे वय काय होते. एवढ्या दोन प्रश्नांवरून नवनिदानाचा दर निघतो. २००८च्या सुमारास तो शिखरावर होता, नंतरच्या दशकात घटत गेला; एकूण मधुमेहींचे प्रमाण मात्र खाली आले नाही. काहींनी याचे श्रेय गोड पेये कमी झाल्याला दिले, तर काहींनी एचबीए१सीचा वापर वाढल्याने सौम्य रुग्ण सुटत असावेत अशी शंका घेतली. वाद मिटलेला नाही. पण वाद घालण्यासाठी वर्षानुवर्षांची रेघ त्यांच्या हाती होती.

गोव्यात आवक कुठून होत असावी, याचा अंदाज बांधायला सामग्री कमी नाही. पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ३६ टक्के गोमंतकीय स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आढळले. राज्याची ६२ टक्के वस्ती २०११ मध्येच शहरी गणली गेली होती. उरलेली खेडीही दुचाकीच्या एका फेरीत शहराला भिडणारी. शेत नांगरणे, खाजनाचे बांध घालणे, माडावर चढणे, रापण ओढणे ही कामे करणारे हात आता बव्हंशी बाहेरगावचे आहेत. जेवण तेच राहिले : दुपारी शीत आणि हुमण, सकाळी पोदेराचे उंडे, रात्री पुन्हा भात. श्रम गेले, ताटातील पिष्टान्न तेवढेच राहिले. ही काही गोव्याचीच कथा नव्हे. भारतीय आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात, असे ‘इंडियाब’च्याच आहारविषयक विश्लेषणात दिसले. चतुर्थीच्या नेवऱ्यांना आणि नाताळच्या दोदोलला मधुमेहाचे खापर फोडून घ्यावे लागते खरे, पण वर्षातून आठ दिवसांच्या गोडाधोडापेक्षा उरलेल्या साडेतीनशे दिवसांच्या भाताचा आणि बैठ्या कामाचा वाटा मोठा.

याच्याही मागे जाणारा एक धागा पुण्यात सापडतो. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा माग ठेवला. तिथल्या नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बाळांहून कितीतरी कमी; पण शरीरातील चरबी त्या मानाने टिकून होती आणि स्नायू तोकडे होते. दिसायला कृश, आतून मेदयुक्त. अशा बाळाला पुढे भरपूर अन्न आणि थोडे श्रम लाभले की मधुमेहाची वाट सोपी होते. आजीने पेजेवर दिवस काढले आणि नातू वातानुकूलित कचेरीत बसतो, हे अंतर गोव्याने दोन पिढ्यांत कापले. म्हणून पोट न सुटलेला, ‘मला कशाला होईल’ म्हणणारा पस्तिशीचा सडपातळ तरुण या हिशेबातून सुटत नाही. वजनकाट्यावर विसंबून शिबिरात रुग्ण निवडले तर नेमका तोच वगळला जातो.

खरा पणाला लागलेला वर्ग हा आहे. चेन्नईच्या त्याच अभ्यासात, सुरुवातीला पूर्वमधुमेह असलेल्यांपैकी सुमारे ५९ टक्के लोक पाठपुराव्याच्या काळात मधुमेही झाले. युरोपीय लोकांत ही वाटचाल बरीच संथ असते. आपल्याकडे उंबरठ्यावर रेंगाळण्याची मुभा थोडी. मात्र वाट अडवता येते, याचा पुरावाही भारतातलाच आहे. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५३१ पूर्वमधुमेही व्यक्तींचे गट पाडले. केवळ सर्वसाधारण सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत ५५ टक्के मधुमेही झाले. आहार आणि चालण्याबाबत सतत पाठपुरावा केलेल्या गटात सुमारे ३९ टक्के. मेटफॉर्मिन या स्वस्त गोळीनेही जवळपास तेवढाच फरक पडला. सहा-सात जणांच्या पाठीशी तीन वर्षे उभे राहावे, तर एकाचा मधुमेह टळतो किंवा लांबतो. आयुष्यभराची औषधे, डोळ्यांवरचे लेझर, आठवड्यातून तीनदा डायलिसिसची खुर्ची, यांच्या तुलनेत हा सौदा महाग नाही. पण त्यासाठी ते सहा-सात जण कोण हे ठाऊक हवे, आणि शिबिर संपल्यावर त्यांना पुन्हा हाक मारणारे कोणी हवे. शिबिरात ‘साखर थोडी वाढली आहे, गोड कमी खा’ एवढे सांगून चिठ्ठी हातात दिली जाते आणि चिठ्ठी खिशातच विरते, तेव्हा सापडलेला माणूस पुन्हा हरवतो. तीन वर्षांनी तोच ‘नवा रुग्ण’ म्हणून नोंदवला जाईल.

अशा व्यक्तींची एक तयार यादी राज्याकडे आधीपासून आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. गोव्यात जवळपास सर्व प्रसूती रुग्णालयांत होतात आणि गरोदरपणी साखर तपासली जाते. ज्यांना गर्भकाळात मधुमेह होतो त्यांची साखर बाळंतपणानंतर बहुधा उतरते, फाइल बंद होते आणि सगळे बाळाच्या लसींकडे वळतात. पण या स्त्रियांना पुढील आयुष्यात मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सात ते दहापट असतो. प्रसूतीनंतर दीड ते तीन महिन्यांच्या आत पुन्हा ग्लुकोज चाचणी आणि नंतर ठरावीक काळाने तपासणी, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. बाळ लसीसाठी ठरलेल्या तारखांना आरोग्य केंद्रात येतेच, आणि त्याला आई घेऊन येते. त्याच भेटीत आईची साखर तपासण्याला नवी इमारत लागत नाही, नवे खातेही लागत नाही. पंचविशी-तिशीतील स्त्रियांमधील आवक इथे जवळजवळ दाराशीच मोजता आणि रोखता येते.

उरलेल्यांसाठीही यंत्रणेचा सांगाडा उभा आहे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली तिशीपुढील प्रत्येकाची तपासणी अपेक्षित आहे आणि तिची नोंद संगणकावर होते. त्रुटी आहे ती खाजगी बाजूला. गोव्यात सुशिक्षित, नोकरदार माणूस कोपऱ्यावरच्या प्रयोगशाळेत रक्त देतो, कुटुंबाच्या डॉक्टरला अहवाल दाखवतो आणि सरकारी नोंदीत कधीच उतरत नाही. क्षयरोगाबाबत देशाने २०१२ मध्ये खाजगी डॉक्टरांनाही नोंद कळविणे बंधनकारक केले. मधुमेहासाठी तसा नावानिशी बडगा उगारण्याची गरज नाही आणि ते इष्टही नाही. विमा आणि नोकरीच्या बाबतीत लोकांना त्याची भीती वाटणे रास्त आहे. प्रयोगशाळांनी नावे वगळून केवळ वय, लिंग, तालुका, चाचणीचा प्रकार आणि निकाल एवढेच दर तिमाहीस कळविले तरी पुरेल. बारा तालुक्यांचे राज्य आहे हे. उत्तर प्रदेशात जे स्वप्नवत ठरेल ते इथे पणजीतील एका खोलीत बसून होऊ शकते.

तालुक्याचा उल्लेख मुद्दाम केला. सासष्टीतील निवृत्त बोटकर, सत्तरीतील काजू बागायतदार, वास्कोतील गोदी कामगार आणि खाणी बंद पडल्यावर ट्रक विकून घरी बसलेला धारबांदोड्याचा मालक, यांना एकाच २६.४ टक्क्यांत बांधले की कुणाचाच प्रश्न दिसत नाही. बांधकामावर आणि हॉटेलांत राबणारा परप्रांतीय मजूर तर या चित्रात बहुधा नसतोच. तो तरुण आहे, त्यामुळे आज प्रमाण खाली खेचतो; पंधरा वर्षांनी तो इथेच असेल आणि चाळिशीत असेल. वयोगटानुसार नवनिदान मांडले तर आणखी एक गोष्ट उलगडेल. साठीत निदान होणारे वाढत असतील तर समाज वृद्ध होत आहे आणि तपासणी पोहोचत आहे, असे म्हणता येईल. तिशीत निदान होणारे वाढत असतील तर ती वेगळी आणि अधिक गंभीर बाब आहे, कारण तिशीतल्या माणसाला या विकारासोबत चाळीस वर्षे काढायची असतात आणि मूत्रपिंडे इतकी वर्षे कुरकुर न करता चालतात असे नाही. एकूण दर दोन्ही वेळा सारखाच दिसू शकतो.

यासाठी लागणारी पहिली दुरुस्ती अगदीच किरकोळ आहे. आरोग्य केंद्रांतील आणि शिबिरांतील नोंदवहीत रुग्णाला मधुमेह आहे की नाही, एवढाच रकाना असून भागत नाही. ‘प्रथम निदान कोणत्या वर्षी’ आणि ‘त्याआधीची शेवटची तपासणी केव्हा’ असे आणखी दोन रकाने हवेत. गावोगावच्या आशा सेविका आणि परिचारिका ते भरू शकतील. अनेक घरांत उत्तर तयारच असते; ‘चवथीच्या आदल्या वर्षी, पायाला लागले तेव्हा कळले’ अशा शब्दांत ते दिले जाते, आणि वर्ष शोधून काढायला नोंद घेणाऱ्याला फार तर दोन मिनिटे अधिक बसावे लागते.